वैराला कृपेचे उत्तर

शत्रूशी कसे वागावे, याविषयीची ख्रिस्ती शिकवण मुख्यतः मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात आली आहे. येशूचे श्रोते रोमी अमलाखाली होते. रोमी शिपाई वाटेवरच्या कुणालाही धरून आपले ओझे वाहायला लावीत. अशी एका कोसाची वेठ पडली तर दोन कोस जावे, छळणाऱ्यासाठी प्रार्थना करावी, असे येशू सांगतो. पहिला कोस सक्तीचा असतो. दुसरा माणूस आपखुशीने चालतो. समोरचा कसाही वागो, आपले वागणे त्याच्या हाती जाऊ देऊ नये, हे या शिकवणीचे मर्म आहे. तिच्यामागे कृपेची कल्पना आहे. देवाने लायकी न पाहता क्षमा केली, तेव्हा क्षमा मिळालेल्यानेही दुसऱ्याची लायकी तपासत बसू नये.

ही गोष्ट सौम्य स्वभावाच्या माणसांनाच साधते, असा समज आहे. कवी नारायण वामन टिळक यांचे उदाहरण वेगळे सांगते. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने ते ओढले गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तांचा रोष झाला. पत्नी लक्ष्मीबाई दुःखाने खचल्या आणि काही वर्षे माहेरच्या माणसांकडे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, तेही आपले सोवळेओवळे सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. कालांतराने लक्ष्मीबाईंचे मत आपोआप पालटले आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हेच टिळक कमालीचे तापट होते. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांचा राग मुळीच झाकलेला नाही. राग येणे स्वभावाचा भाग आहे. राग आल्यावर काय करायचे, हा वळणाचा आणि सरावाचा भाग आहे.

ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंना विरोध झाला तो जाहीरपणे. 1889 साली मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेले त्यांचे शारदा सदन विधवांच्या शिक्षणासाठी होते. तेथे मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, असा आरोप 1893 साली झाला. ‘केसरी’ने कडक टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि कामही सोडले नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार स्त्रिया व मुलींना घेऊन आल्या. त्यातूनच केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले.

कृपा म्हणजे अन्याय मुकाट सोसणे नव्हे. चौकशीच्या वेळी तोंडात मारणाऱ्या शिपायाला येशूने, आपले काय चुकले ते दाखव, असे विचारले. फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले होते. सोडण्याची वेळ आली तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा आग्रह धरला. सूड आणि न्याय यांतला फरक येथे दिसतो. मारहाण किंवा घरातला छळ सोसणाऱ्याने मदत मागावी, पोलिसांकडे जावे. त्याने क्षमेला बाध येत नाही.

वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या शेतीच्या गावी या शिकवणीची परीक्षा बहुधा धुऱ्यावर होते. शेजारी नांगरटीत धुरा कोरतो, पांदण अडवतो, मग शिवीगाळ होते आणि दोन घरांचे बोलणे तुटते. अशा वेळी कृपेची वाट अगदी व्यवहाराची असते. तापलेल्या डोक्याने बांधावर जाऊ नये. वाद सर्वांसमक्ष चव्हाट्यावर नेण्याआधी शेजाऱ्याची एकांतात गाठ घ्यावी, हा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. तो ऐकत नसेल तर दोघा जाणत्यांना सोबत न्यावे. तरीही भागले नाही तर भूमिअभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर 1906 च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागावी. मात्र दावा चालू असला तरी वाटेत भेटल्यावर नमस्कार थांबवू नये, शेजाऱ्याचा बैल विहिरीत पडला तर दोर घेऊन धावावे आणि त्याच्याविषयी चारचौघांत वावगे बोलू नये.

एवढे करूनही समोरचा बदलेलच, अशी हमी ख्रिस्ती शिकवण देत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सर्वांशी सलोख्याने राहायला सांगतो, पण आपल्याकडून साधेल तेवढे, अशी मर्यादाही घालतो. सलोख्याला दोघे लागतात. वैर आपल्या बाजूने थांबवायला एक पुरतो.