गाडी शिकायची, पण कुणाकडे?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या मुलुंडमध्ये सकाळी साडेसहाला फिरायला बाहेर पडलं, की दोन प्रकारची मंडळी हमखास दिसतात. एक हास्यक्लबवाली, आणि दुसरी 'एल' लावलेल्या गाड्यांमधली. दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र हसू अजिबात नसतं! या गाड्यांत जरा डोकावून बघा. स्टिअरिंग घट्ट धरून बसलेले सगळेच काही कॉलेजकुमार नसतात. बँकेत अधिकारी असलेल्या बाई असतात, निवृत्तीला आलेले गृहस्थ असतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, कुठेही जा, हेच चित्र.

याचं कारण सरळ आहे. उपनगरातल्या माणसाचं निम्मं आयुष्य रेल्वेच्या पासावर निघतं. स्टेशनपर्यंत बस किंवा रिक्षा, पुढे लोकल. गाडीची गरजच भासत नाही. ती भासते घरातली माणसं थकायला लागल्यावर. मी शेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. सासूबाईंना रात्री-अपरात्री दम लागायचा. आमच्या ह्यांना गाडी येत नाही, मुलगा पुण्याला. आणि भर पावसात रात्री दोन वाजता रिक्षा मिळणं नशिबावर! तेव्हा शिकायचं हे ठरलं. प्रश्न एवढाच होता, की शिकायचं कुणाकडे?

आपल्याकडे मोटार ट्रेनिंग स्कूल निवडताना आपण दोनच गोष्टी विचारतो. फी किती, आणि लायसन काढून देणार ना? शिकवणार कोण, हे कुणी विचारत नाही. मुलांच्या शिकवणीसाठी चार ठिकाणी चौकशी करणारे आपण, जिथे आपल्या आणि दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे मात्र घराजवळची पाटी बघून पैसे भरून मोकळे होतो.

खरं तर कायद्यानं याचा बारकाईनं विचार केलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार शिकवणारा किमान दहावी उत्तीर्ण हवा, त्याला गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्रही हवं. गाडीचा कुठला भाग काय काम करतो, हे त्याला समजावून सांगता आलं पाहिजे. स्कूलचा परवाना आणि शिकवणाऱ्यांची नावं कार्यालयात दर्शनी जागी लावलेली हवीत. खासगी गाडीसाठी शिक्षण किमान एकवीस दिवसांचं, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान दहा तासांचं. अभ्यासक्रमात प्रथमोपचार आहे, आणि चालकानं लोकांशी कसं वागावं, हेसुद्धा आहे!

आता हिशेब करा. रोज अर्धा तास धरला, तर एकवीस दिवसांचे साडेदहा तास होतात. म्हणजे नियम जेमतेम पाळला जातो. पण त्या अर्ध्या तासात पुढच्या विद्यार्थ्याला घ्यायला जाणं आलं, पेट्रोल पंप आला, मास्तरांचा चहा आला, तर हातात वीस मिनिटं उरतात. वीस गुणिले एकवीस, म्हणजे सातच तास. तीन तास कुठे गेले? कुणाचे किती तास झाले, याची नोंदवही ठेवणं स्कूलवर बंधनकारक आहे. ती बघायला मागण्यात संकोच कसला?

मी पहिल्यांदा ज्या स्कूलमध्ये गेले, तिथले शिकवणारे स्वभावानं चांगले होते. कधी आवाज चढवला नाही. आठवडाभरात मी पाच रस्त्यावरून गाडी नेऊ लागले. पण मला एक चमत्कार दिसायला लागला. समोर बस आली, की गाडी आपोआप हळू व्हायची. सिग्नलला गाडी कधी बंद पडायची नाही. बाराव्या दिवशी खाली वाकून पाहिलं, तर शिकवणाऱ्यांचे दोन्ही पाय त्यांच्या बाजूच्या क्लच-ब्रेकवर! म्हटलं, "सर, जरा पाय काढता का?" तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त स्टिअरिंग बघा. बाकी मी बघतो."

शिकवण्याच्या गाडीला नियमानं दुहेरी नियंत्रण असतं. ते असतं अपघात टळावा म्हणून. पण त्याचा असाही वापर होतो, आणि एकवीस दिवसांनी विद्यार्थी समजतो की आपल्याला गाडी आली. हे अर्धंमुर्धं शिक्षण फार धोक्याचं. कारण पुढे तो स्वतःच्या गाडीत बसतो तेव्हा शेजारी कुणाचे पाय नसतात. आणि समोर रस्ता ओलांडणारी आजी कुणाचीही असू शकते.

मी ते स्कूल सोडलं. मग सात-आठ दिवस रोज सकाळी रस्त्याच्या कडेला उभी राहून शिकाऊ गाड्याच बघत होते. कोण ओरडतंय, कोण मोबाइलवर बोलतंय, कुणाची गाडी बंद पडली तरी आत शांतता आहे. अशीच एक गाडी हेरली आणि त्या मास्तरांना गाठलं. पन्नाशीचे गृहस्थ. पहिलीच अट त्यांची, "रोज मीच येणार. मधे माणूस बदलणार नाही."

मोठ्या वयात शिकणाऱ्याची एक अडचण असते. त्याला परिणाम दिसतात, म्हणून भीती वाटते. आणि "असं का?" हे कळल्याशिवाय हात चालत नाही. मास्तर हे ओळखून होते. हाफ क्लच काही केल्या जमेना, तेव्हा म्हणाले, "पूर्वी लोक चालत्या लोकलमध्ये चढायचे, आठवतं? आधी गाडीबरोबर दोन पावलं धावायचे, मग पाय टाकायचे. इंजिन म्हणजे ती लोकल. तुमची चाकं उभी आहेत. हाफ क्लच म्हणजे ती दोन पावलं." त्या दिवसापासून माझा डावा पाय शहाणा झाला.

नाहूरच्या पुलाच्या चढावर त्यांनी मुद्दाम गाडी थांबवायला लावली आणि स्वतःचे पाय सीटवर मांडी घालून घेतले! हात मात्र हँडब्रेकजवळ. मागून हॉर्नचा नुसता गजर. म्हणाले, "वाजवू द्या. हॉर्न त्यांचा, गाडी आपली." दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली.

पुढे शिकाऊ लायसनचे तीस दिवस झाले. पक्क्या लायसनची परीक्षा त्याआधी देता येत नाही. मी वडाळ्याच्या आरटीओची तारीख घ्यायला उत्सुक होते. मास्तर म्हणाले, "अजून नाही. रात्रीची चालवली नाहीत, पावसात चालवली नाहीत. लायसन सासूबाईंसाठी काढताय ना? त्यांना दम दुपारी बारा वाजताच लागणार आहे का?" पुढचे दहा दिवस आम्ही संध्याकाळी, भर रहदारीत, एलबीएस मार्गावर काढले. त्यातले पावसाचे चार. परीक्षा मी त्यानंतर दिली.

ब्रिटनमध्ये पैसे घेऊन शिकवणाऱ्याला सरकारी नोंदणी लागते, आणि तिची हिरवी अष्टकोनी खूण गाडीच्या काचेवर लावावी लागते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसते. आपल्याकडे ती खूण आपणच शोधायची आहे. म्हणून फी भरण्याआधी एक दिवस मागच्या सीटवर बसू द्या, म्हणावं. पाय कुठे आहेत ते बघा. रोज हाच माणूस येणार का, विचारा. चढ, रिव्हर्स, रात्र, पाऊस शिकवणार का, विचारा. तुमच्या स्वतःच्या गाडीत दोन दिवस शेजारी बसाल का, हेही विचारा.

शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. तेव्हा घाई नको. आणि "तुम्ही अजून तयार नाही," असं तोंडावर सांगणारा कुणी भेटला, तर रागावू नका. त्याच्याकडेच शिका.