मोसंबी-लिंबावरील दोन फुलपाखरे



पावसाळ्यात मोसंबीला नवती फुटली, की बागेत काळी फुलपाखरे घिरट्या घालू लागतात. ती सगळी एकच समजून आपण पंप पाठीला लावतो. वास्तविक त्यांत दोन भाऊबंद आहेत, आणि तिसरा अगदीच निरपराध पाहुणा.

पहिले लिंबाळी, म्हणजे पॅपिलिओ डेमोलियस. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखावर आतल्या बाजूला एक विटकरी ठिपका, शेपूट नाही. याला उघडी, उन्हाची जागा आवडते. म्हणून रोपवाटिका व नवीन लागवड याच्या तडाख्यात आधी सापडते. 2004 साली ते थेट डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आढळले, इतके ते चिवट आहे.

दुसरे बहुरूपी, पॅपिलिओ पॉलिटेस. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ आणि शेपूट. खरी गंमत मादीची. काही माद्या नरासारख्याच असतात. परंतु काहींच्या मागच्या पंखांवर पांढरे-तांबडे डाग असून त्या हुबेहूब 'गुलाबी' फुलपाखरासारख्या दिसतात. गुलाबीच्या अळ्या सापसनसारख्या विषारी वेलींवर वाढतात, त्यामुळे पक्षी त्याला टाळतात. त्याचे सोंग घेऊन बहुरूपीची मादी जीव वाचवते. मग ओळखावे कसे? अंग पाहा. गुलाबीचे अंग तांबडे, बहुरूपीचे काळे. गुलाबी लिंबावर वाढत नाही. त्याच्या मागे लागू नका.

नुकसान करते ती अळी. फुलपाखरू फक्त मध पिते, त्याच्यावर औषध उडवणे म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणे. दोन्हींची मादी कोवळ्या पानांवर सुटी, पिवळसर गोल अंडी घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, तर मोठी हिरवीगार. या दोन वेगळ्या किडी आहेत असे पुष्कळजण समजतात. तसे नाही, ती एकच अळी. डिवचल्यास ती डोक्यामागून दुहेरी शिंग काढते व उग्र वास सोडते. अळी कोणाची हे शोधत बसू नका, उपाय एकच आहे.

मोठ्या झाडाची चार पाने गेली तर फारसे बिघडत नाही. मात्र जंबेरीचे खुंट डोळा भरण्याआधीच निष्पर्ण झाले तर वर्ष वाया जाते. तेव्हा नवती असेपर्यंत रोपवाटिकेत रोज सकाळी फेरी मारा, अंडी-अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. परसातला कढीपत्ता आणि बांधावरची बेलाची रोपेही पाहा, दोन्ही तिथे वाढतात. वेचून आवरेना, तर 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 5 किलो कुटलेल्या निंबोळ्यांचा अर्क 100 लिटर पाण्यातून, अळ्या लहान असतानाच संध्याकाळी फवारा.