यखनी आणि अळणी

दिल्लीच्या जामा मशिदीसमोर मटिया महलचा बाजार आहे. हिवाळ्यातील धुक्यात, शेजारच्या दुकानांच्या फळ्या अजून लागलेल्याच असताना, तेथे निहारीच्या डेगेवरचे झाकण निघते. रात्रभर मंद निखाऱ्यांवर शिजलेल्या मांसाचा तो दाट रस्सा पहाटेच खायचा असतो. मराठीतील न्याहारी आणि ही निहारी यांचे कूळ एकच. फरक एवढाच की, आपल्याकडे तो शब्द शिळ्या भाकरीच्या चतकोरावरही समाधान मानतो.

परंतु निहारी ही बाजाराची. घरची ती यखनी. हाडांसकट मांस शिजवून गाळून घेतलेले पाणी, एवढाच तिचा अर्थ. पुलावाचा तांदूळ शिजतो तो याच पाण्यात. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त यखनीचे प्रमाण दिले आहे ते दहा शेर मांस, एक शेर कांदा आणि अर्धा शेर मीठ असे. बादशाही मुदपाकखान्यात मसाल्याचे नावही निघू नये, याचे नवल वाटेल. कोल्हापूरकराला मात्र वाटणार नाही. तिखट पडण्यापूर्वी मटणाचे जे पाणी वेगळे काढतात, त्याला तो अळणी म्हणतो. नाव अळणी असले तरी मीठ त्यात असतेच. घरातील लहानांची वाटी त्यातूनच भरते, आणि त्यात नारळाचे दूध पडले की त्याचाच पांढरा रस्सा होतो. पहाडगंज-करोलबागेतील मराठी बिऱ्हाडांत या दोन्ही नावांचे एकच पातेले चढावे, हे स्वाभाविकच होय.

हे पातेले थंड पाण्याने भरून सावकाश तापवावे लागते. मांसातील विरघळणारी प्रथिने प्रथम पाण्यात उतरतात, आणि उष्णता वाढली की गोठून करड्या फेसाच्या रूपाने वर येतात. गुऱ्हाळात गुळव्या रसावरची मळी निपटून काढतो, तसाच हा फेस पळीने काढायचा. तो विषारी नसतो. परंतु पाणी खळखळा उकळू दिले तर तो फुटून पुन्हा आत जातो, चरबीचे बारीक कण त्यात मिसळतात, आणि रस कायमचा गढूळ होतो. मग कितीही दुपदरी फडक्यातून गाळा, तो निवळत नाही. फेस यायचा थांबला की आच इतकी उतरवावी की, एखाददुसराच बुडबुडा वर यावा. सांध्यांच्या व पायांच्या हाडांजवळील चिवट भाग तीन-चार तासांत विरघळतो. रस निवल्यावर थिजतो, तो त्यामुळे. कुकर हेच काम लवकर करतो, पण झाकणाआडचा फेस काढणार कोण? तेव्हा पहिली उकळी उघड्यावर येऊ द्यावी, आणि मगच झाकण लावावे.

येथवर स्वयंपाकघराची परंपरा पुरते. साठवणीत मात्र ती कधी कधी दगा देते. रस रात्री झाकून ठेवला, सकाळी पुन्हा उकळला, म्हणजे तो निर्धोक झाला, असा समज सर्वत्र आहे. इंग्लंडच्या नीडहॅम या पाद्र्याने मटणाचा गरम रस बुचाच्या कुपीत बंद करून पुन्हा तापविला. काही दिवसांनी त्यात सूक्ष्म जीव वळवळताना दिसले, तेव्हा जीव आपोआप निर्माण होतो असे त्याने 1748 मध्ये प्रसिद्ध केले. इटलीच्या स्पालान्झानीने 1765 मध्ये तसेच द्रव काचेच्या पक्क्या बंद कुप्यांत बराच वेळ उकळून त्याची चूक दाखविली. आज माहीत आहे ते असे की, काही जंतूंचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा त्यांपैकीच एक. त्याला हवा नको असते आणि ऊब हवी असते. मोठे पातेले, घट्ट झाकण आणि वर चरबीचा जाड थर, म्हणजे गृहिणी ज्याला जपणूक समजते, ती त्याची खोलीच होय! पुरणाच्या डाळीचा कटही रात्रभर उबेत राहिला तर धोका टळत नाही.

म्हणून रस गाळून पसरट भांड्यांत ओतावा, ती भांडी परातीतील गार पाण्यात ठेवावीत, मधूनमधून ढवळावे, आणि दोन तासांच्या आत शीतकपाटात न्यावीत. दिल्लीच्या ज्येष्ठात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणीच चटका देते; तेथे परातीत बर्फ टाकण्यावाचून गत्यंतर नाही. दुसऱ्या दिवशी वर चरबीची पांढरी वडी धरते, ती अलगद उचलून निघते. असा रस शीतकपाटात तीन-चार दिवस राहतो, बर्फ करून ठेवला तर दोन-तीन महिने; वापरताना मात्र लागेल तेवढाच काढून खळखळून उकळावा.

एवढा खटाटोप करायचा तो बहुधा आजाऱ्यासाठी, आणि बिघडलेला रस सर्वांत आधी बाधतो तोही त्यालाच. शिवाय सारी ताकद पाण्यात उतरली या समजुतीने मांस टाकून देऊन केवळ पाणीच त्याला पाजले जाते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात याच भ्रमावर बोट ठेवले होते: असा रस आटवून पाहा, हाती चमचाभर ऐवजही लागत नाही. रसाने तोंडाला चव येते, कोरड्या घशाला पाणी मिळते, भूक चाळवते. पण झिजलेले शरीर भरून यायचे तर पातेल्याच्या तळाशी राहिलेले ते मऊ मांसही बारीक कुस्करून, भाताच्या दोन घासांबरोबर, त्याच वाटीत द्यावे लागते.