लेगसी: फॅमिली कारची लोड टेस्ट

आज १९८९ ची सुबारू लेगसी.

जुनी लिओनी मागे पडत चाललेली. मग जपानच्या फुजी हेवी इंडस्ट्रीजने कोऱ्या पाटीवरून सुरुवात केली. इंजिनसुद्धा नवं, पण बॉक्सरच. म्हणजे पिस्टन समोरासमोर आडवे. त्यामुळे वजन खाली राहतं, गाडी वळणावर कमी झुकते. बऱ्याच मॉडेल्समध्ये ताकद चारही चाकांना.

पण सगळंच नवं म्हणजे बग्जची भीती, बरोबर ना?

म्हणून जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेत, ॲरिझोनाच्या टेस्ट ट्रॅकवर टर्बो लेगसी रात्रंदिवस पळवली. साडेअठरा दिवसांहून थोडं जास्त, १ लाख किलोमीटर. पेट्रोल भरायचा, ड्रायव्हर बदलायचा वेळ धरूनही सरासरी ताशी २२३. जागतिक विक्रम!

शाळेत पोरं सोडायला एवढा वेग कशाला? नकोच. पण आत घरची माणसं बसणार, म्हणून टेस्ट रोजच्या वापरापेक्षा कितीतरी कडक हवी. पुढच्या रिलीजआधी एवढं आठवा. भेटू!