शार्कला साद घालणाऱ्यांचा समुद्र

पापुआ न्यू गिनीच्या न्यू आयर्लंड बेटावरचे कोळी होडीतून करवंट्यांचा खुळखुळा पाण्यात वाजवतात आणि जवळ आलेला शार्क फासात पकडतात. २०११ साली सरकारने शेजारच्याच बिस्मार्क समुद्रात, सुमारे १,६०० मीटर खोलीवर, एका कंपनीला तांबे-सोन्याच्या खाणीचा परवाना दिला. तिथे तळातून कढत पाणी उसळतं. त्याच्या आधाराने, सूर्यप्रकाशावाचून, गोगलगायी आणि शिंपले जगतात. यंत्रांनी तळ खरवडला की त्यांचा आसराच गेला, शिवाय गाळाचा लोट माशांपर्यंत जाणार, ही भीती रास्तच होती. गावं आणि चर्च विरोधात उभी राहिली. प्रकरण कोर्टात गेलं. पैशाचंही सोंग फार काळ टिकलं नाही. २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं आणि सरकारने भागीदारीत घातलेले सुमारे १२ कोटी डॉलर बुडाले.