गटाराचं कर्ज कोणाच्या नावावर?



नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात मतदारांसमोर उमेदवारांच्या नावांसोबत एक प्रश्नही होता: पर्यावरणाच्या कामांसाठी राज्यानं ४.२ अब्ज डॉलरचे रोखे काढावेत का? त्यात सांडपाण्याची कामंही होती. लोकांनी 'हो' म्हटलं.

आपल्याला असं कोणी विचारत नाही. कर्ज मात्र निघतंच. उत्तर कर्नाटकातल्या शहरांसाठी आशियाई विकास बँकेनं २००६ च्या अखेरीस २७ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पाणीपुरवठा आणि भुयारी गटारं ही त्यातली मुख्य कामं. फेड शेवटी करातूनच होणार, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून.

रोखेही आपल्या कर्नाटक राज्याला नवे नाहीत. २००५ साली बेंगळुरूभोवतीच्या आठ लहान शहरांची मोट बांधून पाणीपुरवठ्यासाठी १०० कोटींचे रोखे काढले गेले. मग बीदर जिल्ह्यातल्या भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण यांनी तसं का करू नये? करावं, पण रोखे घेणारा आधी घरपट्टीची वसुली बघतो, आणि आपण तर नोटीस आल्याशिवाय घरपट्टी भरत नाही!

बीदर शहराला तर गटारांचा विषय टाळून चालणारच नाही. शहर जांभ्यावर वसलंय. हा दगड पाणी मुरवतो, म्हणून तर बहामनींच्या काळात त्यात करेज, म्हणजे पाण्याचे भुयारी बोगदे, खोदता आले. आज त्याच दगडात शोषखड्ड्यातलं मैलापाणी मुरतं आणि शेजारच्या विहिरीला, बोअरला जाऊन मिळतं.

बरं, रस्ता फोडून, चेंबर बसवून मोठी वाहिनी टाकली तरी काम संपत नाही. घराच्या मोरीपासून चेंबरपर्यंतचा पाइप जोडला नाही, तर पाणी जुन्याच उघड्या नालीत जातं. खरं घोडं पेंड खातं ते इथं. कोट्यवधींची वाहिनी रस्त्याखाली आणि डास अंगणात!

मतपेटी नसली तरी विचारायची जागा आहे. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समिती असावी, असं राज्यघटनाच सांगते, आणि कलबुर्गी त्यात बसतं. इतरांनी नगरसेवकाला गाठावं. कर्ज किती, फेड कोण करणार, आपल्या गल्लीतली किती घरं जोडली, हे तीन प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या.