विद्यापीठाचे माप माळावर

विद्यापीठाचे मोठेपण दीक्षान्त समारंभाच्या मांडवात मोजण्याची आपल्याकडे खोड आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे माप मात्र सांगोला-आटपाडीच्या माळावर घ्यावे. १९३६ साली डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड बागेत आळंदी वाणातून निवडलेले डाळिंब पुढे ‘गणेश’ म्हणून ख्यात झाले. त्याच परंपरेत राहुरीने ‘भगवा’ दिला. (नावही किती समर्पक!) केशरी झळाळीची जाड साल, तांबडेलाल दाणे, दूरच्या बाजारापर्यंत टिकणारे फळ, दुष्काळी मुलखातील कित्येक मुलांची शिक्षणे त्यावर झाली.

मग तेल्या आला. उभ्या बागा तोडाव्या लागल्या. वाण प्रसारित केला की कुलगुरूंचे कर्तव्य संपले काय? हा जिवाणू रोगट कलमांबरोबर गावोगाव जातो, पावसाच्या शिंतोड्यांनी झाडाझाडांवर पसरतो. म्हणून निरोगी मातृवृक्षाचीच कलमे घेणे, बहारापूर्वी बागेला विश्रांती देणे, रोगट फांद्या छाटून जाळणे, शक्यतो हस्त बहार धरणे, हे ज्ञान प्रबंधात कोंडून चालत नाही. शिक्षण आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे कृषी विद्यापीठाचे विहित कर्तव्यच आहे. ज्याची बाग करपते आहे, त्याला पुढच्या वर्षीचा शोधनिबंध नको असतो; येत्या पावसाआधी बांधावर उभा राहणारा शास्त्रज्ञ हवा असतो.